वहिनीच्या माहेरचा रुपया

आमच्या घरात जुनी चिंच दोन कामांसाठी राखून ठेवलेली असायची. एक आमटीला, आणि दुसरं चंपाषष्ठीला देवाचे रुपये घासायला. अणदूरचं आमचं घर पत्र्याचं, पुढं सारवलेलं अंगण, अंगणाच्या कडेला आईची चूल. आतल्या भिंतीतल्या देवळीत खंडोबाचा टाक आणि त्याच्यापुढं एका पितळी वाटीत तीन रुपये. तिन्ही निजामाच्या काळातले, चांदीचे, एका बाजूला चारमिनारचं चित्र असलेले. एक पणजीचा, एक आजीचा, एक आईचा. आमच्याकडची रीत अशी, की सून घरात आली की तिच्या बापानं एक चांदीचा रुपया पिवळ्या फडक्यात बांधून द्यायचा. ते फडकं पहिल्या चंपाषष्ठीलाच सोडायचं, रुपया घासून भंडाऱ्यात लोळवायचा आणि तळीत ठेवायचा. ताटात पानं, सुपारी, खोबऱ्याची वाटी, भंडारा आणि हे रुपये ठेवायचे, पाच पुरुषांनी मिळून ताट उचलायचं आणि येळकोट करायचा, ती तळी. ज्या बापाचा रुपया नवा, तो त्या वर्षी पाचांतला एक असायचा. लग्नातला मानपान पुढं कुणाच्या लक्षात राहत नसे, पण तो रुपया सून गेल्यावरही घरात राहायचा. मला आजीचं तोंड आठवत नाही. तिचा रुपया आठवतो. त्याच्यावरचे मिनार घासून घासून इतके सपाट झाले होते, की बोट फिरवलं तर काहीच लागायचं नाही.

मी तेव्हा धाराशिवला कॉलेजात होतो. कोर्टाच्या रस्त्याला करीमचाचांचं घड्याळ दुरुस्तीचं टपरीवजा दुकान होतं. माझं घड्याळ बंद पडलं म्हणून गेलो, आणि पुढची दोन वर्षं तिथंच बसत राहिलो. घड्याळं चाचांचा धंदा होता, पण जीव नाण्यांत. बिस्किटांच्या चौकोनी डब्यात त्यांनी एकेक नाणं कागदाच्या पुडीत ठेवलेलं असायचं. सोलापूरहून, हैदराबादहून माणसं यायची, चाचा एक पुडी सोडायचे, माणूस भिंग लावायचा, आणि मग दोघं इतका वेळ गप्प बसायचे की भिंतीवरच्या घड्याळांची टिकटिक ऐकू यायची. नाणं किती झिजलंय हे कसं बघायचं, ते मला चाचांनी शिकवलं. मिनारांची टोकं सगळ्यांत आधी जातात, मग मधल्या कमानीची रेघ, मग त्या कमानीतलं अक्षर. टोकं शाबूत असली तर नाणं कोरं म्हणायचं. टोकं गेली आणि कमान राहिली तर चालतं. नुसती सावली उरली तर चांदीच्या भावाचं. टांकसाळीत झालेले दोषही त्यांनी दाखवले होते. छाप सरकून अर्धं नाणं कोरंच राहिलेलं, एकच छाप दोनदा बसून अक्षरं दुहेरी झालेली, चकती वाकडी कापली गेलेली. असली बिघडलेली नाणी जपणारे लोक आहेत आणि चांगल्याहून बिघडलेल्याला ते जास्त मानतात, हे ऐकून मला पहिल्यांदा हसू आलं होतं.

पण चाचांचा खरा धडा वेगळा होता आणि तो ते रोज सांगायचे. "आधी काठ. मग वजन. मग आवाज. चेहरा सबसे आखिर, बेटा. खोटं करणारा सगळी मेहनत चेहऱ्यावर करतो." नाणं ते बोटाच्या टोकावर तोलायचे, दुसऱ्या नाण्यानं हलकेच टिचकी द्यायचे आणि मान वाकडी करून ऐकायचे. मला हे सगळं फार संथ वाटायचं. मला वाटायचं, माझी नजर चाचांपेक्षा तेज आहे. चेहऱ्यावरूनच ओळखता येतं.

दादाचं लग्न त्या वर्षी झालं. वहिनी उमरग्याच्या पलीकडची, सीमेवरच्या गावची. तिचे वडील मल्लाप्पा अजून मेंढरं राखायचे. आमच्या आजोबांनीही आयुष्यभर मेंढरंच राखली होती, पण आमचे वडील, अण्णा, शाळेत शिपाई झाले, पगार सुरू झाला, आणि आम्ही ते सोयीनं विसरलो. वहिनी बोलताना मध्येच कानडी शब्द टाकायची आणि जीभ चावायची. अंगणात भाकरी थापताना तिच्या बांगड्यांचा आणि परातीचा एक ठेका असायचा. आईला तो आवडायचा. "नीला भाकरी थापाय बसली की मला डुलकी येती," असं ती म्हणायची. मी सुट्टीला आलो की वहिनी मला शेंगाचटणीवर जादा तेल घालून द्यायची. तिनं माझं काही वाईट केलं नव्हतं, हे मला इथं लिहून ठेवायचं आहे.

पहिल्या चंपाषष्ठीला घर भरलं होतं. चुलीत वांगी भाजत होती, त्यांच्या सालीचा करपट वास अंगणभर. चार महिने कांदा-वांगं बंद असतं, त्यामुळं त्या वासानंच सगळ्यांना हुशारी आली होती. आई बाजरीचे रोडगे करत होती. अण्णांची थोरली बहीण, गोदाआत्या, बाजेवर बसून सगळ्यांना कामं सांगत होती. मल्लाप्पा पहाटेच निघून आले होते, खांद्यावर नवी घोंगडी, अण्णांना भेट द्यायला. त्यांनी पाय धुतले आणि बैठकीत अवघडून बसले. वहिनी अंगणात चिंचेच्या कोळानं रुपये घासत होती. तीन घासून झाले. मग तिनं ते पिवळं फडकं सोडलं.

"वहिनी, थांबा! घासू नका," मी ओरडलो. "चिंच लावली की नाण्याची कातडी जाते."

"आता रुपयाला बी कातडी आली," आत्या म्हणाली. "काय रं, भिंग आणलंस व्हय? मग आधी माझ्या डोळ्यातला मोतीबिंदू बघ."

सगळे हसले. मीही हसलो, खिशातलं भिंग काढलं आणि रुपया हातात घेतला. जुन्या चांदीचा काळसर रंग, आणि मिनारांची टोकं सुईसारखी. इतका कोरा रुपया मी चाचांकडंही पाहिला नव्हता. मी तो उलटा केला. मागच्या बाजूला फारसी मजकूर हवा. तिथं पुन्हा चारमिनारच होता. पण वर उठलेला नाही, आत दबलेला. चिखलात कुणी रुपया दाबून काढून घ्यावा, तसा. आणि त्याच्या कमानीतलं अक्षरही उलटं.

मी काठ पाहिला नाही. वजन केलं नाही. वाजवला नाही. भिंग खिशात टाकलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "हा खोटा आहे."

"खोटा म्हंजी?" आईनं चुलीवरून विचारलं.

"टांकसाळीतला नाही. कुणीतरी साचा घेऊन घरी केलाय. मागची बाजू करायची जमली नाही. आणि इतका जुना रुपया इतका कोरा असतो का?"

वहिनीचे हात चिंचेच्या पाण्यात तसेच राहिले. "आमच्या आज्जीपासनं हाय त्यो," ती हळू म्हणाली. "दोन्हीकडं मिनार हाय म्हणूनच आप्पांनी इकला न्हाय. देवानं दोनदा हात ठिवलाय म्हणायचे."

"वहिनी, दोन्हीकडं मिनार आहे म्हणूनच तो खोटा आहे," मी म्हणालो. हे वाक्य मी कौतुकानं म्हणालो होतो, स्वतःच्याच. तीस वर्षं झाली, ते मला त्याच आवाजात ऐकू येतं.

"आगं बया," आत्या म्हणाली, "माणसाला फशिवत्यात ठावं हुतं. देवाला बी फशिवलं का? मेंढरामागं फिरणाऱ्याला काय, वाजलं की रुपया!"

मल्लाप्पा दारात येऊन उभे होते. ते कधी आले कुणाला कळलं नाही. अण्णा गडबडीनं म्हणाले, "व्याही, मनावर घेऊ नका. पोरगं हाय, काय बी बोलतंय." त्याच वेळी मी म्हणू शकलो असतो, की नक्की सांगता येत नाही, चाचांना दाखवतो. मी गप्प राहिलो. मल्लाप्पांनी हात पुढं केला, मी रुपया त्यांच्या तळहातावर ठेवला. त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला, जणू पहिल्यांदाच पाहत होते. मग माझ्याकडं बघून म्हणाले, "धाकलं पाव्हणं शिकल्यालं हायती. ते म्हंत्यात तर आसंल. आमाला काय कळतंय?" त्यात टोमणा नव्हता. तो असता तर बरं झालं असतं.

तळीला दादानं त्यांना हाक मारली. ते दाराच्या लाकडी खांबाला टेकून उभे होते, आत आले नाहीत. "आज माझा हात नगं," एवढंच म्हणाले. पाचवा म्हणून शेजारचे एक काका उभे राहिले. ताटात तीनच रुपये होते. येळकोट झाला, भंडारा उधळला, आणि भरीत-रोडग्याची पानं मांडेपर्यंत मल्लाप्पा निघून गेले होते. मेंढरं एकटी हायती, असं सांगून. घोंगडी खुंटीला लटकत होती. वहिनीनं सगळ्यांना वाढलं. माझ्या पानात भरीत वाढताना तिनं नेहमीसारखी तेलाची धार धरली. मी जेवलो, आणि पोटभर जेवलो.

चौथ्या दिवशी मी धाराशिवला चाचांसमोर बसून हा पराक्रम सांगितला. ते एका घड्याळाचं मागचं झाकण उघडत होते. "मागं मिनार? आत गेलेला? अक्षर उलटं?" त्यांनी घड्याळ खाली ठेवलं. "काठ कसा होता?"

"बघितला नाही."

"वजन?"

मी मान हलवली.

"वाजवलास तरी?"

चाचांनी डोळ्याचं भिंग काढलं आणि टेबलावरची दोन बटणं एकावर एक ठेवली. त्यांनी समजावलं ते असं. टांकसाळीत कधीतरी छाप मारलेलं नाणं साच्यात अडकून बसतं. कामगाराच्या ध्यानात येत नाही. तो वर दुसरी कोरी चकती सारतो. ठोका पडतो. आता त्या चकतीच्या एका बाजूला नेहमीचा छाप बसतो, पण दुसऱ्या बाजूला साचा नसतोच, अडकलेलं नाणं असतं. त्याचा चेहरा तिच्या पाठीत घुसतो, उलटा आणि आत दबलेला. "असा एक रुपया मी जिंदगीत एकदा पाहिला," चाचा म्हणाले, "तोही घासलेला. आणि तू म्हणतोस टोकं सुईसारखी." मग त्यांनी बटणं बाजूला सारली. "रुपया जाऊ दे. त्या माणसाला सगळ्यांसमोर चोर केलंस ना तू? आज जा. शेवटची गाडी मिळेल. आजच जा."

मी गेलो नाही. खोलीवर जाऊन झोपलो. दुसऱ्या दिवशी तास होते. मग परीक्षा आली. परीक्षा खरोखरच होती, पण ती काही रोज नव्हती. मनात मी रोज ते वाक्य जुळवायचो. 'एक गंमत झाली' असं सुरू करावं, की 'चाचांना वेगळं वाटतंय' असं? प्रत्येक वाक्यात माझी चूक लहान व्हायची आणि तरी ते तोंडातून निघण्याइतकं लहान होत नव्हतं. मला आत्यासमोर, अण्णांसमोर, ज्यांनी माझ्या भिंगाकडं मानानं पाहिलं त्या सगळ्यांसमोर पुन्हा पोरगं व्हायचं नव्हतं. चाचांच्या दुकानावरून जाणं मी टाळू लागलो. असे तीन आठवडे गेले. रुपया ओळखताना चुकलो, ते अज्ञान होतं, आणि त्याबद्दल मी स्वतःला कधीचीच माफी दिली आहे. या तीन आठवड्यांना अज्ञान म्हणता येत नाही.

शेवटी एका सकाळी उमरग्याची एसटी धरली. हायवेवर उतरून पुढं चालत गेलो. मल्लाप्पांचं वाडगं माळावर होतं, बाभळीच्या फांद्यांचं कुंपण, आत कोकरांचा कालवा. मला बघून ते इतके हरखले की मला पाऊल टाकवेना. त्यांच्या बायकोनं ज्वारीची भाकरी, ठेचा आणि शेळीच्या दुधाचा चहा पुढं ठेवला. मी वाक्य जुळवून आलो होतो. "मामा," मी म्हणालो, "तो रुपया..."

"थांबा, थांबा. आदी ह्ये बघा," मल्लाप्पा म्हणाले आणि आत जाऊन एक पिवळं फडकं घेऊन आले. "तुमी आलाव लई बरं झालं. म्या आज-उद्या अणदूरला यीनारच हुतो. दोन मेंढ्या इकल्या, ह्यो नवा घेतला सोनाराकडनं. ह्यो तरी खरा हाय का, तेवढं बघून सांगा."

"आणि जुना?"

"त्यो दिला की सोनाराला. त्यानं कसाला लावला, म्हनला, चांदी चोख हाय, मल्लाप्पा. म्या म्हनलं, चांदी आसंल, पर शिक्का खोटा हाय, आमच्या पाव्हण्यांनी भिंगातनं बघितलाय. खोटं नाणं दुसऱ्याच्या गळ्यात कशाला बांधायचं? वितळीव म्हनलं माझ्याम्होरं. वितळीवला."

"कधी?"

"परवाच्या बाजारी."

कोकरं ओरडत होती. मी फडकं सोडलं. आणि आयुष्यात पहिल्यांदा चाचांनी सांगितलेल्या क्रमानं नाणं पाहिलं. आधी काठ. काठावर वरच्या बाजूला एक बारीक खडबडीत ठिपका होता. कुणीतरी कधी डाग देऊन त्याला दोरा ओवायचं नाकं जोडून गळ्यात घातलं होतं, आणि विकताना ते काढून काठ घासला होता. मग वजन, हातावर. ठीक. मग बोटाच्या टोकावर तोलून टिचकी दिली. आवाज जरा बद्द आला, डाग दिलेल्या नाण्याचा येतो तसा. चेहरा शेवटी पाहिला. मिनारांची सावली उरली होती. चांदीच्या भावाचा रुपया. मल्लाप्पा माझ्या तोंडाकडं बघत होते, दवाखान्यात डॉक्टरकडं बघतात तसे.

"खरा आहे," मी म्हणालो. "उत्तम आहे."

"आगं, आयकलंस का? खरा हाय!" त्यांनी बायकोला हाक मारून सांगितलं आणि डोक्याचा पटका काढून तोंड पुसलं. त्यानंतर मला काहीच सांगता आलं नाही. आता सांगितलं तर त्यांनी वितळवलेलं काय होतं हेही सांगावं लागलं असतं, असं मी स्वतःला समजावलं. हा विचार त्यांच्या भल्याचा आहे असं मला परतीच्या एसटीत वाटत होतं. चिवरीचा फाटा येईपर्यंत तेवढंही वाटेनासं झालं.

तो रुपया वाटीत चौथा झाला. मल्लाप्पा पुढं दरवर्षी चंपाषष्ठीला यायचे, घोंगडी नाहीतर तूप घेऊन. पण तळीला हात लावला नाही. अण्णा आग्रह करायचे, ते म्हणायचे, "देवाम्होरनं एकदा हात मागं घेतला, आता परत कसा लावू?" आणि दाराच्या त्याच खांबाला टेकून उभे राहायचे. ताटाला लागलेल्या पाच जोडी हातांत एक जोडी माझी असायची. ते गेले तेव्हा मी माळावर गेलो होतो, खांदाही दिला. चाचा त्याआधीच गेले. त्यांनी मला पुन्हा कधी विचारलं नाही आणि मी पुन्हा कधी त्यांच्या डब्यातली पुडी सोडली नाही.

आता मी धाराशिवला नोकरीत आहे, निवृत्तीला फार वर्षं उरलेली नाहीत. लग्न केलं नाही, त्यामुळं वाटीत पाचवा रुपया आला नाही. लोक अजून नाणी घेऊन येतात. माझं नाव आहे त्यात. मी काठ पाहतो, वजन करतो, वाजवतो, आणि चेहऱ्याकडं वळण्याआधी माझा हात थांबतो. लोकांना ती माझी पद्धत वाटते.

या वर्षी चंपाषष्ठीला अंगणात वहिनी एकटीच रुपये घासत होती. आई, अण्णा, आत्या, कुणीच आता नाहीत. दादा आत ताट लावत होता. मी तिच्यासमोर पाटावर बसलो.

"वहिनी, तुमच्या आप्पांनी आणलेला पहिला रुपया खोटा नव्हता."

तिचे हात थांबले नाहीत. "व्हय का," ती म्हणाली. मी तिला साच्यात अडकलेल्या नाण्याचं सगळं सांगितलं. ती घासत राहिली.

"तुमाला कुणी सांगितलं?"

"करीमचाचांनी."

"कवा?"

इथंही खोटं बोलायला जागा होती, आणि मला ती लगेच दिसली. "त्याच वर्षी," मी म्हणालो. "चंपाषष्ठी झाल्यावर चौथ्या दिवशी."

आता तिचे हात थांबले. चिंचेचा कोळ बोटांवरून खाली ठिबकत होता. "म्हंजी आप्पा खांबाला हुबं ऱ्हायचे, तवा तुमाला ठावं हुतं."

"होय."

"दरसाली."

"होय."

तिनं रुपया पाण्यात बुडवून काढला, पदराला पुसला आणि वाटीत ठेवला. मग दुसरा घेतला. तो घासता घासता म्हणाली, "मला कशाला सांगता, भावजी? माझा बाप खोटं आणनार न्हाय, ह्ये मला पहिल्या दिवसापासनं ठावं हुतं. ज्यांच्याम्होरं बोललाव, त्यांच्याम्होरं बोला."

"त्यातलं कोण राहिलंय आता?"

"देव हाय की," ती म्हणाली. आणि उठता उठता, "आन औंदा तळीला हात लावू नका."

मी आत गेलो. दादा, पुतण्या, दोन चुलतभाऊ ताटाभोवती उभे होते. मी त्यांना सांगितलं, उभ्यानंच, जे इथं लिहिलं आहे त्याहून थोडक्यात, आणि या वर्षी तळीला माझा हात नाही, हेही. पुतण्यानं तेवढ्यात मोबाइलवर काहीतरी शोधलं आणि म्हणाला, "काका, असला रुपया तर आता लई किमतीला जातो की!" दादा त्याच्यावर ओरडला. माझ्याकडं त्यानं पाहिलं नाही. अजूनही नीट पाहिलेलं नाही.

"चौघंच हायती," चुलतभाऊ म्हणाला.

वहिनीच्या भावाचा मुलगा शिवा सणाला आला होता, पडवीत बसला होता. वहिनीनं त्याला हाक मारली, "शिवा, हात धुऊन ये रं. तुझ्या आज्जाची जागा हाय." तो आला आणि मी बाजूला झालो. दाराचा खांब तोच आहे. खांद्याच्या उंचीवर लाकूड गुळगुळीत झालं आहे, हे मी तोवर कधी पाहिलं नव्हतं. मी तिथं टेकलो. तिथून तळी दिसत नाही. पाच पाठी दिसतात आणि वर उडालेला भंडारा. येळकोट म्हणत त्यांनी ताट उचललं तेव्हा आतले रुपये एकमेकांवर घसरले. तीन खणखणले. चौथा बद्द वाजला.